जे सांगू शकत नाहीत, त्यांचं दुखणं

"डॉक्टर, आई रात्रभर ओरडते. घरात कुणाला झोप नाही. एखादी झोपेची गोळी लिहून द्या." डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णांचे नातेवाईक माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेक वेळा याच मागणीनं सुरुवात होते. वृद्धाश्रमातून फोन आला तर शब्द थोडे बदलतात: "आजोबा अंघोळीला हात लावू देत नाहीत, अंगावर धावून येतात." जळगाव असो की धुळे, या विनंतीमागचं गृहीतक एकच असतं, की हा सगळा डोक्याचा प्रकार आहे. आपल्या भाषेत त्यासाठी शब्दही तयार आहे, म्हातारचळ.

पण अशा रुग्णाला नीट तपासलं, की पुष्कळदा दुसरंच काही सापडतं. कधी किडलेली दाढ, कधी आठ दिवसांची बद्धकोष्ठता, कधी तुंबलेली लघवी, कधी कमरेखाली पडलेली बेडसोअरची जखम. रुग्णाला दुखत असतं, पण "मला इथं दुखतंय" हे वाक्य जुळवण्याची ताकद आजारानं काढून घेतलेली असते. मग ते दुखणं ओरडण्यातून, ढकलण्यातून, न जेवण्यातून बाहेर पडतं.

आज जी गोष्ट आपल्याला साधी वाटते, ती वैद्यकशास्त्राला कळायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. हा इतिहास मी आज तुम्हाला सांगणार आहे. तो कळला, की घरातल्या किंवा वृद्धाश्रमातल्या आपल्या माणसाकडे कसं पाहायचं, हे आपोआप कळतं.

सुरुवातीला एक खुलासा. इंग्रजी पुस्तकांत 'नर्सिंग होम' म्हणजे स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या वृद्धांनी कायम राहायची जागा. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की डिलिव्हरीचं किंवा ऑपरेशनचं छोटं खासगी हॉस्पिटल डोळ्यांपुढं येतं. आपल्या राज्यातला नर्सिंग होम नोंदणीचा १९४९ चा कायदाही अशाच हॉस्पिटलांसाठी आहे. म्हणून या लेखात परदेशातल्या नर्सिंग होमचा उल्लेख आला, की तुम्ही मनात 'वृद्धाश्रम' किंवा 'शुश्रूषा केंद्र' असं वाचा.

पहिली रुग्ण: फ्रँकफर्ट, १९०१

ज्या आजाराला आपण अल्झायमर म्हणतो, त्याची पहिली नोंदलेली रुग्ण म्हणजे ऑगुस्टे डेटर. नोव्हेंबर १९०१ मध्ये तिला जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात दाखल केलं गेलं, तेव्हा तिचं वय होतं ५१. तिला तपासणारे डॉक्टर होते अलॉइस अल्झायमर. त्यांनी तिला विचारलेले प्रश्न आणि तिची उत्तरं बारकाईनं लिहून ठेवली. ८ एप्रिल १९०६ रोजी ती वारली. अल्झायमर तोपर्यंत म्युनिकला गेले होते. त्यांनी तिचा मेंदू तिथं मागवून घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि नोव्हेंबर १९०६ मध्ये ट्युबिंगेनच्या सभेत त्यावर व्याख्यान दिलं. १९१० साली एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमरचं नाव दिलं.

हा इतिहास सांगताना आपण सगळे मेंदूतल्या गाठी आणि डाग यांच्याबद्दलच बोलतो. पण १९०७ साली छापलेल्या अल्झायमर यांच्या टिपणात आणखी काही गोष्टी आहेत. ही बाई कित्येकदा तासन्तास भयंकर आवाजात ओरडायची, असं त्यात लिहिलं आहे. अखेरीस ती पाय पोटाशी ओढून पडून असायची, कपड्यांतच लघवी-शौच व्हायचं आणि सगळी काळजी घेऊनही तिला बेडसोअर झाले, असंही लिहिलं आहे.

तिला वेदना होत होत्या, असं मी आज इतक्या वर्षांनी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. आजार शेवटच्या टप्प्यात गेला की स्नायू आखडूनही पाय पोटाशी येतात. भीतीनंही माणूस ओरडतो. पण ओरडणं आणि गुडघे पोटाशी घेणं या दोन खुणा लक्षात ठेवा. पुढं जवळपास शंभर वर्षांनी त्या एका वेगळ्याच कागदावर, वेदना मोजायच्या तक्त्यावर, पुन्हा भेटणार आहेत. त्या काळच्या डॉक्टरांनी त्या आजाराचं लक्षण म्हणून प्रामाणिकपणे नोंदवल्या. "हिला कुठं दुखत तर नसेल?" हा प्रश्न त्या नोंदींमधून पुढं आला नाही.

रुग्ण सांगेल तीच वेदना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वेदनेच्या बाबतीत एक मोठी सुधारणा झाली. त्याआधी रुग्णाला किती दुखतंय हे डॉक्टर ठरवायचे. "एवढ्याशा जखमेनं एवढं दुखत नाही," असं सांगून रुग्णाला गप्प करता येत असे. १९६८ साली अमेरिकेतल्या मार्गो मॅकॅफरी या परिचारिकेनं हे उलटं केलं. दुखणारा माणूस जे सांगतो तीच वेदना, आणि तो सांगतो तेव्हा ती असतेच, असा तिच्या म्हणण्याचा आशय होता. जगभरच्या नर्सिंगच्या शिक्षणात हा विचार गेला.

मग ही सांगितलेली वेदना मोजायची कशी? कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली एक प्रश्नावली तयार केली. वेदनेसाठी माणसं जे शब्द वापरतात ते गोळा करून त्यांनी ७८ शब्द २० गटांत मांडले. त्यातल्या कोणत्या शब्दांवर रुग्ण बोट ठेवतो, त्यावरून वेदनेचा प्रकार आणि तीव्रता कळायची. शून्य ते दहामधला एक आकडा सांगायची साधी पट्टीही दवाखान्यांत रुळली.

शब्दांची ही पद्धत मराठी माणसाला लगेच पटेल. आपण नुसतं 'दुखतं' म्हणून थांबत नाही. दाढ ठणकते, पोटात कळ येते, कमरेत चमक भरते, गळू ठसठसतं, तळपायांची आग होते, पायाला मुंग्या येतात. ओपीडीत यातला एक नेमका शब्द कानावर पडला, की डॉक्टरचं अर्धं निदान होऊन जातं.

पण या सुधारणेत एक मोठी फट राहून गेली. रुग्ण सांगेल ती वेदना, हे ठीक. जो सांगूच शकत नाही, त्याचं काय? आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेनं १९७९ साली वेदनेची व्याख्या प्रसिद्ध केली. वेदना हा शब्द कसा वापरायचा हे माणूस लहानपणीच्या लागण्या-पडण्याच्या अनुभवांतून शिकतो, असं तिच्यासोबतच्या टिपेत म्हटलं होतं. मग ज्यानं तो शब्द अजून शिकलेलाच नाही ते तान्हं बाळ, आणि शिकून जो विसरून गेला तो म्हातारा माणूस, हे दोघंही त्या चौकटीच्या कडेला पडले.

आधी न्याय मिळाला तान्ह्या बाळांना

यातल्या बाळांकडे वैद्यकाचं लक्ष आधी गेलं. ही गोष्ट ऐकून तुम्हाला धक्का बसेल. नवजात बाळाला फारशी वेदना कळत नाही, असा समज डॉक्टरांमध्ये अनेक दशकं होता. १९४१ साली मर्टल मॅकग्रॉ या संशोधिकेनं बाळांना टाचणी टोचून त्यांच्या प्रतिक्रिया नोंदवल्या. अगदी नवजात बाळांची प्रतिक्रिया तिला मंद किंवा अस्पष्ट वाटली. मेंदू अजून पिकलेला नाही, म्हणून वेदना पोचत नाही, असा अर्थ त्यातून काढला गेला. भुलीची औषधं बाळांना धोक्याची आहेत ही भीतीही होतीच, आणि त्या काळी ती अगदीच निराधार नव्हती. परिणाम असा, की १९८० च्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी कमी दिवसांच्या बाळांवर मोठी ऑपरेशनं स्नायू सैल करणारं औषध आणि थोडा नायट्रस ऑक्साइड वायू एवढ्यावरच व्हायची. स्नायू सैल झालेले असल्यामुळं बाळ हलायचं नाही आणि हलत नाही म्हणून दुखत नाही असं वाटायचं.

हा समज मोडण्यात एका भारतीय डॉक्टरचा मोठा वाटा आहे. डॉ. कंवलजीत सिंग आनंद यांनी एमबीबीएस केलं ते इंदूरला, म्हणजे धुळ्याहून आग्रा रोडनं थेट जाता येईल अशा गावी. पुढं ते ऑक्सफर्डला गेले. तिथं त्यांनी सहकाऱ्यांसोबत कमी दिवसांच्या बाळांच्या हृदयाजवळच्या एका रक्तवाहिनीच्या ऑपरेशनवर चाचणी केली. सगळ्या बाळांना नेहमीची भूल दिली आणि त्यातल्या काहींना त्याशिवाय फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक दिलं. फेंटानिल न मिळालेल्या बाळांच्या शरीरात ताणाची संप्रेरकं कितीतरी जास्त वाढली आणि ऑपरेशननंतरचे त्रासही त्यांनाच जास्त झाले. १९८७ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात ही चाचणी प्रसिद्ध झाली, आणि त्यानंतर नवजात बाळांना भूल देण्याची पद्धत बदलत गेली.

या चाचणीनं दाखवून दिलं, की जीभ गप्प असली तरी शरीर बोलत असतं आणि ते ऐकायची पद्धत शोधता येते. मग बाळाच्या कपाळावरच्या आठ्या, घट्ट मिटलेले डोळे, रडण्याचा सूर, हातापायांची हालचाल यांवरून वेदना मोजायचे तक्ते तयार होऊ लागले. आज बाळाला इंजेक्शन देताना मावशी त्याला छातीशी धरा म्हणते, साखरपाण्याचा थेंब दिला जातो, त्यामागं हा सगळा विचार आहे.

मग म्हाताऱ्यांची पाळी

डिमेन्शियाच्या रुग्णांसाठी अशी मोजपट्टी प्रथम नावारूपाला आली ती १९९२ साली. अमेरिकेतल्या अ‍ॅन हर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोलणं थांबलेल्या अल्झायमर रुग्णांची 'अस्वस्थता' मोजण्याचा तक्ता तयार केला. त्यात श्वासाचा आवाज, चेहरा, अंगाचा ताण अशा गोष्टी पाहायच्या होत्या. तक्ता चांगला होता, पण वापरायला किचकट. कामाच्या धबडग्यात असलेल्या परिचारिकेला तो झेपत नसे.

१९९५ साली आणखी एक महत्त्वाचा अभ्यास आला. बेट्टी फेरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नर्सिंग होममधल्या स्मृती कमी झालेल्या रहिवाशांना सरळ विचारूनच पाहिलं. सोप्या चार-पाच प्रकारच्या पट्ट्या त्यांच्यापुढं ठेवल्या. ज्यांना वेदना होत होती, त्यांतले ८३ टक्के लोक निदान एका पट्टीवर उत्तर देऊ शकले. म्हणजे 'यांना काही कळत नाही' म्हणून आपण ज्यांना विचारायचंच सोडून देतो, त्यांतल्या बहुतेकांना विचारलं तर सांगता येतं. फक्त प्रश्न सोपा हवा, 'आत्ता दुखतंय का?' असा, आणि उत्तरासाठी थांबण्याची तयारी हवी. काल किती दुखलं, आठवड्यात किती वेळा दुखलं, हे त्यांना विचारण्यात अर्थ नाही.

वेदना ओळखली नाही तर काय होतं, याचा हिशेब २००० साली समोर आला. न्यूयॉर्कच्या शॉन मॉरिसन आणि आल्बर्ट स्यू यांनी खुब्याचं हाड मोडून हॉस्पिटलात आलेल्या म्हाताऱ्यांचा अभ्यास केला. एका गटात बुद्धी शाबूत असलेले, दुसऱ्यात डिमेन्शियाच्या शेवटच्या टप्प्यातले. दोघांचं हाड तेच, ऑपरेशनही तसंच. पण डिमेन्शियाच्या रुग्णांना मिळालेलं मॉर्फिनसारखं वेदनाशामक दुसऱ्या गटाच्या तुलनेत एक तृतीयांश होतं. ज्यांनी मागितलं त्यांना औषध मिळालं, ज्यांना मागता आलं नाही ते तसेच राहिले. खुब्याचं हाड मोडलेला माणूस तुम्ही पाहिला असेल, तर यात काय सोसावं लागलं असेल याची कल्पना तुम्ही करू शकाल.

पाच गोष्टी, दहा गुण

२००३ साली व्हिक्टोरिया वॉर्डन, अ‍ॅन हर्ली आणि लॅडिस्लाव व्होलिसर यांनी तो जुना किचकट तक्ता सोपा केला. त्याचं नाव 'पेनएड'. आज जगभर तो वापरला जातो. रुग्णाला काही मिनिटं निरखायचं आणि पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य, एक किंवा दोन गुण द्यायचे. एकूण गुण दहा.

१. श्वास. शांत असेल तर शून्य. मधूनमधून धापेचा असेल तर एक. मोठ्या आवाजाचा, बराच वेळ धाप लागलेला असेल तर दोन.

२. आवाज. काही नाही तर शून्य. अधूनमधून कण्हणं, कुरकुरणं असेल तर एक. पुन्हा पुन्हा हाका मारणं, मोठ्यानं कण्हणं, रडणं असेल तर दोन.

३. चेहरा. हसरा किंवा निर्विकार असेल तर शून्य. उदास, घाबरलेला, कपाळावर आठ्या असतील तर एक. वेदनेनं पिळवटलेला असेल तर दोन.

४. अंगाची ठेवण. सैल असेल तर शून्य. ताणलेली, चुळबुळ, अस्वस्थ येरझारा असतील तर एक. ताठरलेलं अंग, आवळलेल्या मुठी, पोटाशी घेतलेले गुडघे, ढकलणं किंवा मारणं असेल तर दोन.

५. समजूत. समजूत घालायची गरजच पडत नसेल तर शून्य. बोलण्यानं, स्पर्शानं शांत होत असेल तर एक. कशानंच शांत होत नसेल तर दोन.

आता ऑगुस्टे डेटरच्या त्या दोन खुणा आठवा. तासन्तास ओरडणं आवाजाच्या ओळीत आहे आणि पोटाशी ओढलेले पाय अंगाच्या ठेवणीच्या ओळीत. एके काळी 'वेडाची लक्षणं' म्हणून लिहिलेल्या गोष्टी आता 'कदाचित दुखत असेल' असं सांगू लागल्या.

या तक्त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. भूक, थंडी, भीती, एकटेपण यांनीही गुण वाढतात. सात गुण म्हणजे सात इतकी तीव्र वेदना, असंही समजू नये. तक्ता फक्त एवढंच सांगतो, की इथं काहीतरी त्रास आहे, शोध घ्या. तेवढंच काम त्याच्याकडून घ्यायचं.

२०२० साली वेदना अभ्यास संघटनेनं आपली जुनी व्याख्या सुधारली. त्या समितीचे अध्यक्ष होते भारतीय वंशाचे डॉ. श्रीनिवास राजा. बोलून सांगणं हा वेदना व्यक्त करण्याच्या अनेक मार्गांपैकी फक्त एक आहे आणि सांगता येत नाही याचा अर्थ वेदना नाही असा होत नाही, हे आता व्याख्येच्या टिपांमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे.

नॉर्वेमधली चाचणी

तुम्ही म्हणाल, ओळखलं तरी पुढं काय? याचं सर्वांत चांगलं उत्तर नॉर्वेतून आलं. बेटिना हुसेबो यांनी १८ नर्सिंग होममधल्या ३५२ रहिवाशांवर चाचणी केली. सगळ्यांना मध्यम ते तीव्र डिमेन्शिया होता आणि सगळेच चिडचिड, आरडाओरडा, आक्रमकता अशा त्रासांचे होते. निम्म्या लोकांना आठ आठवडे पायरीपायरीनं वेदनाशामकं दिली, बाकीच्यांवर नेहमीचे उपचार चालू ठेवले. २०११ साली निकाल छापून आला. वेदनाशामकं मिळालेल्या गटातली अस्वस्थता सरासरी १७ टक्क्यांनी कमी झाली. औषध थांबवल्यावर ती पुन्हा वाढली. आणि बहुतेकांना दिलेलं औषध कोणतं होतं? साधं पॅरासिटामॉल.

याचं महत्त्व कळण्यासाठी दुसरी बाजू पाहा. अशा रुग्णांना शांत करायला मानसिक आजारांवरची अँटिसायकोटिक औषधं सर्रास दिली जातात. डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये या औषधांनी मृत्यूचं प्रमाण वाढतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ साली नव्या पिढीच्या औषधांसाठी दिला आणि २००८ साली जुन्या औषधांनाही तो लागू केला. काही रुग्णांना ही औषधं लागतात, मीही देतो. पण दाढ दुखतेय म्हणून ओरडणाऱ्या माणसाला ती दिली, तर दाढ तशीच राहते, फक्त ओरडणं बंद होतं. वर तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो तो वेगळाच.

पॅरासिटामॉल हा रामबाण आहे, असं मात्र समजू नका. नॉर्वेतच पुढं डिमेन्शियासोबत नैराश्य असलेल्या रुग्णांवर वेदनाशामकं वापरून पाहिली, तेव्हा नैराश्य कमी करायला त्यांचा उपयोग दिसला नाही. म्हणजे आधी दुखण्याचा शोध आणि मग औषध, हा क्रम सोडायचा नाही.

गोव्यापासून खानदेशापर्यंत

आपल्याकडे या विषयाची सुरुवात वेगळ्या जागेवरून झाली. २००१ साली विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी गोव्यात लोकांशी बोलून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. डिमेन्शियाची लक्षणं लोकांना ओळखता येत होती, पण तो म्हातारपणाचाच भाग समजला जायचा. त्यामुळं डॉक्टरपर्यंत हे रुग्ण क्वचितच पोचायचे. गावात फिरणाऱ्या आरोग्य सेविकांना मात्र ते ठाऊक असायचे. २००८ साली डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी गोव्यातच ८१ कुटुंबांवर केलेली चाचणी छापून आली. स्थानिक माणसांना थोडं प्रशिक्षण देऊन त्यांना रुग्णाच्या घरी पाठवलं, तर सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी होतो, हे त्यात दिसलं. महागडी यंत्रं नसताना, नीट शिकवलेली माणसं काय करू शकतात याचा हा आपल्या शेजारचा पुरावा आहे.

महाराष्ट्रात १९९५ साली मातोश्री वृद्धाश्रम योजना आली. २००७ साली केंद्राचा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा झाला. त्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय असलेल्या वृद्धाश्रमाची तरतूद आहे. ही सगळी रचना निवारा, जेवण आणि आधार डोळ्यांपुढं ठेवून झाली. पण आश्रमात चालत्या पायांनी आलेला माणूस दहा वर्षांनी तिथंच विसरभोळा होतो, अंथरुणाला खिळतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना डिमेन्शिया आहे, आणि खेड्यांत त्याचं प्रमाण शहरांपेक्षा जास्त आहे. त्यातले बहुतेक घरीच आहेत, सुनेच्या, मुलीच्या किंवा नवऱ्याच्या भरवशावर. त्यामुळं वेदना ओळखण्याचं काम आपल्याकडे परिचारिकेपेक्षा सून आणि मावशीच करत असते.

आपल्या भागाच्या दोन गोष्टी इथं महत्त्वाच्या आहेत.

पहिली गोष्ट भाषेची. डिमेन्शियात नंतर शिकलेली भाषा आधी विरते आणि लहानपणची बोली जास्त काळ टिकते. धुळ्याकडच्या माणसाची अहिराणी, रावेर-यावलकडच्या माणसाची लेवा गणबोली, सातपुड्याच्या पायथ्याच्या माणसाची पावरी किंवा भिली. आयुष्यभर शाळेत शुद्ध मराठी शिकवलेले गुरुजीही या आजारात आईच्या बोलीकडे परत जातात. अशा माणसाला "आपल्याला वेदना होत आहेत का?" असं विचारलं तर उत्तर येणार नाही. जवळ बसून, हात हातात घेऊन "माय, दुखस का?" म्हटलं तर मान हलते. दुखतं त्या जागी हातही जातो. म्हणून रुग्णाची बोली येणारं माणूस तपासणीच्या वेळी सोबत असावं. वृद्धाश्रमानं प्रवेशाच्या फॉर्मवरच बोलीभाषा लिहून घ्यावी.

दुसरी गोष्ट उन्हाळ्याची. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. डिमेन्शियाच्या रुग्णाला तहान सांगता येत नाही. पाणी कमी पडलं की शौचाला खडा होतो, लघवीला आग होते, जंतुसंसर्ग होतो. मग आजी एकाएकी जास्त भ्रमिष्ट होते आणि "उन्हानं डोकं फिरलं" असं म्हणून विषय संपतो. उन्हाळ्यात वागणं अचानक बदललं, तर लघवी आणि पोट आधी तपासून घ्या.

तुम्ही काय करायचं

शांत असतानाचं माणूस ओळखून ठेवा. चांगल्या दिवशी आबा कसे बसतात, किती बोलतात, कसे झोपतात, हे वहीत चार ओळींत लिहा. बदल कळायला आधीचं माहीत हवं. भरीत-भाकरी आवडीनं खाणारी आजी घास गालात धरून बसली, तर तिचं तोंड उजेडात उघडून बघा. दाढ, हिरडी, कवळीनं झालेली जखम, काहीही असू शकतं.

रुग्ण पडून असताना पाहू नका, हालचाल होताना पाहा. कूस बदलताना, बाजेवरून उठवताना, कपडे घालताना, अंघोळीच्या वेळी. पडून असताना शांत दिसणाऱ्या माणसाचा चेहरा सांधा हलवताना आक्रसतो. अंघोळीला मारायला येणारे आजोबा कदाचित आखडलेला खांदा वर उचलला जातो म्हणून मारत असतील.

डोक्यापासून पायापर्यंत शोधा. दात, कान, खांदे, पोट, शेवटचं शौच कधी झालं, लघवी तुंबली का, माकडहाड आणि टाचांवर लाली किंवा जखम आहे का, गुडघे सुजलेत का, नखं मांसात गेलीत का. नुकतंच पडणं झालं असेल आणि पाय टेकवत नसेल, तर खुब्याचा एक्स-रे काढल्याशिवाय राहू नका.

ओरडणं, मारणं किंवा अचानक गप्प होणं, यांपैकी काहीही दिसलं तर वेळ लिहा आणि त्याआधी काय झालं ते लिहा. वर दिलेल्या पाच ओळी वहीत उतरवून घ्या आणि दिवसातून एक-दोनदा, शक्यतो एकाच माणसानं, गुण द्या. डॉक्टरकडे येताना ही वही आणा. "फार त्रास देते हो" या वाक्यापेक्षा ती वही आम्हाला कितीतरी जास्त सांगते.

औषध स्वतःच्या मनानं देऊ नका. पॅरासिटामॉलचा डोस वजन, लिव्हर आणि चालू असलेली औषधं पाहून ठरतो. मेडिकलमधून आणलेल्या तीव्र पेनकिलर गोळ्या म्हाताऱ्या किडनीला आणि जठराला घातक ठरू शकतात. डॉक्टरांनी ठरवलेल्या वेळेनुसार काही दिवस औषध द्या आणि वहीतले गुण कमी होतात का ते बघा. कमी झाले तर ते दुखणंच होतं. नाही झाले तर पुन्हा शोध घ्यायचा. आणि झोपेचं किंवा शांत करण्याचं औषध सुरू होण्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: "यांना कुठं दुखत तर नसेल ना, ते एकदा तपासाल का?" कुठलाही डॉक्टर या प्रश्नाचा राग मानणार नाही.

फ्रँकफर्टच्या त्या नोंदी लिहिणाऱ्या डॉक्टरांपाशी हा प्रश्न विचारायला लागणारं शास्त्र नव्हतं. आपल्यापाशी ते आहे, आणि त्यासाठी एक वही, एक पेन आणि रुग्णाची बोली येणारं माणूस पुरतं. तुमच्या घरात किंवा ओळखीच्या वृद्धाश्रमात असं कुणी असेल, तर आज संध्याकाळी त्यांच्या उशाशी पाच मिनिटं बसा आणि पाच ओळी भरून पाहा.